पाचव्या आठवड्यात रुजू

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने मला मानपत्र दिलं. मानपत्रात असतं तसं त्यातलं बरंचसं फुगवलेलं होतं, पण एक वाक्य शंभर टक्के खरं होतं: 'बाळंतपणानंतर अवघ्या पाचव्या आठवड्यात त्या कामावर रुजू झाल्या.' वाचणाऱ्याने 'अवघ्या'वर जोर दिला, टाळ्या पडल्या, मीही हात जोडले. मॅटर्निटी बेनिफिट ॲक्टचं चौथं कलम सांगायचं की प्रसूतीनंतरचे सहा आठवडे मालकाने बाईला जाणूनबुजून कामावर ठेवायचं नाही आणि बाईनेही काम करायचं नाही. त्या हिशोबाने ते वाक्य म्हणजे दोन्ही आरोपींनी मिळून दिलेला कबुलीजबाब होता. या कायद्याचा गोषवारा स्थानिक भाषेत फलकावर लावावा लागायचा. आमच्या गेटजवळ तो वर्षानुवर्षं माझ्याच सहीने लागलेला होता.

कायदा १९६१ चा, मीही १९६१ चीच. एमएसडब्ल्यू करून १९८५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून लागले. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की असा अधिकारी नेमावाच लागायचा, म्हणून मला नेमलं. माझ्या गुणांचा त्यात संबंध नव्हता, हे मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगण्यात आलं. १९८९ मध्ये मुलगी झाली. त्याच सुमारास पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू होती आणि माझ्या जागी माझा सहायक बसत होता. तो बरा बसत होता, हीच माझी अडचण. मला कोणीही बोलावलं नव्हतं. फोनसुद्धा केला नव्हता. मी आपणहून रिक्षा करून गेले.

बोलणी लांबली. दुपारी ब्लाउज ओला झाला तेव्हा मी छातीशी फाइल धरून बसले आणि तशीच, फाइल न उघडता, दोन मुद्द्यांवर युनियनशी भांडले. युनियनचे अध्यक्ष वयस्कर होते, चार मुलींचे बाप. बाहेर पडताना हळूच म्हणाले, "बाई, घरी जा. करार कुठे पळून जात नाही." मला राग आला. हा माणूस मला बाई समजतो, अधिकारी समजत नाही, असं वाटलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी मात्र पाठ थोपटली. त्या खोलीत माझी काळजी करणारा एकच माणूस होता आणि त्याला मी पुढची तीन वर्षं शत्रू मानलं.

पुढे ही गोष्ट मी सांगत सुटले. नवीन आलेल्या मुलींना, प्रशिक्षणाच्या वर्गात, महिला दिनाच्या भाषणात. फाइलचा भाग विनोदी करून सांगायची. बढाई मारते आहे असं वाटायचं नाही. मुलींना धीर देते आहे असंच वाटायचं. हळूहळू ती गोष्ट माझी राहिली नाही. एखादी बाई रजा वाढवून मागायला गेली की सुपरवायझर म्हणायचा, "मॅडम पाचव्या आठवड्यात आल्या होत्या." मला ते कळलं होतं. सुखावलेही होते.

गोष्टीत जे नव्हतं ते आता सांगते. पाचव्या आठवड्यात मी जाऊ शकले, कारण घरी सासूबाई होत्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी पुढचा नंबर त्यांचा होता. आधी त्यांनी बिनपगारी रजा काढली, मग ती पुरेना म्हणून ऐच्छिक निवृत्ती घेतली. घरात त्यावर चर्चा अशी झालीच नाही. एका रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "मी अर्ज देऊन आले." यजमान म्हणाले, "बरं केलंस आई." मी आमटी वाढून घेत होते. माझी नोकरी वाचली याचाच आनंद इतका होता की त्यांची गेली हे डोक्यात शिरलं नाही. अनेक वर्षांनी, मी पर्सोनेल मॅनेजर झाले त्या दिवशी पेढे देवापुढे ठेवताना त्या म्हणाल्या, "चला, घरात एकीला तरी बढती मिळाली." टोमणा असेल असं मला त्या दिवशी वाटलंही नाही.

आणि मावशी होत्या. धुणंभांडी करायच्या, मुलीला न्हाऊ घालायच्या, सासूबाईंची कंबर धरली की स्वयंपाकही करायच्या. त्यांचा मुलगा आजारी पडला की त्या यायच्या नाहीत आणि मी कालनिर्णयवर त्या तारखेला फुली मारायची. महिनाअखेरीस फुल्या मोजून खाडे कापायची. पगारी रजेचा कायदा दिवसभर तोंडपाठ म्हणणारी बाई संध्याकाळी स्वयंपाकघरात मुकादम व्हायची. दोन्ही कामं मी चोख करायची.

मॅनेजर झाल्यावर मुलाखतींच्या पॅनेलवर बसू लागले. मुलींना 'लग्न कधी, मूल कधी' हे उघड विचारणं बरं दिसत नाही, हे तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मी त्यावर तोडगा काढला. शेवटी पाणी पुढे सरकवत, हसून विचारायचं, "घरी कोण कोण असतं?" मुलगी मोकळी होते. सासरे वारले, सासूबाई गावी असतात, मिस्टर शिफ्टला, अजून मूल नाही, सगळं दोन मिनिटांत बाहेर येतं. पुरुषाने विचारलं तर भोचकपणा वाटला असता, बाईने विचारलं म्हणून आपुलकी वाटायची. मी मुलीच्या नावापुढे पेन्सिलने लहानसा ठिपका करायची. ठिपक्याचा अर्थ पॅनेलवरच्या सगळ्यांना ठाऊक होता. हाताखाली आलेल्या पोरांना मी हा प्रश्न शिकवला, तो कुठल्या आवाजात विचारायचा हेसुद्धा.

पाळणाघराचं थोडक्यात सांगते, कारण ती चूक नव्हती, शुद्ध लबाडी होती. फॅक्टरी ॲक्टप्रमाणे तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर लागायचं. आमच्या हजेरीपटावर त्या कधीच तिसाच्या वर गेल्या नाहीत. उरलेल्या ठेकेदाराच्या पटावर. कायद्यात ठेकेदाराच्या बायकाही मोजायच्या असतात हे मला ठाऊक होतं. इन्स्पेक्टर विचारणार नाही हेही ठाऊक होतं. पुढे एका परदेशी ग्राहकाची पाहणी होती म्हणून एक खोली रंगवली, भिंतीवर मिकी माऊस काढला, दोन पाळणे आणले. पाहणी झाल्यावर तिथे दिवाळीच्या भेटवस्तूंची खोकी राहू लागली. मॅटर्निटी बेनिफिट ॲक्टच्या २०१७ च्या दुरुस्तीने बायका मोजण्याची ही गंमतच संपवली: पुरुष-बाई मिळून पन्नास माणसं झाली की पाळणाघर हवं. दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा मात्र आईलाच. बापाने मूल आणून सोडलं तर काय, याचा विचार कायद्यानेही केला नाही, मीही केला नव्हता.

त्याच दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली, पहिल्या दोन मुलांसाठी. ईएसआयमधल्या, म्हणजे कामगार विमा योजनेतल्या, बाईचा रजेतला पगार ईएसआय देतं. ईएसआयच्या पगारमर्यादेच्या वरच्या, म्हणजे इंजिनिअर, अधिकारी अशांचा सगळा मालकाने द्यायचा. बैठकीत 'बायका घेऊ नका' असं कोणी म्हटलं नाही. 'जागा भरताना प्रॅक्टिकल विचार करा,' एवढंच म्हटलं. मी ते वहीत टिपून घेतलं.

क्वालिटी विभागातली एक इंजिनिअर त्या वर्षी सव्वीस आठवड्यांची रजा घेऊन परतली. हुशार होती. ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचं मूळ कारण शोधून काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वार्षिक मूल्यमापनात तिला 'सरासरी' मिळालं. आमच्याकडे बेल कर्व्ह होता: विभागातल्या इतक्या टक्के लोकांना वरची श्रेणी, इतक्यांना खालची, काहीही झालं तरी. विभागप्रमुखाला कोणाला तरी खाली बसवायचंच होतं. जी अर्धं वर्ष नव्हती तिला बसवलं की बाकीचे कुरकुरत नाहीत. मी सही केली. बाईला रजेवर असताना काढता येत नाही, तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत, हे कायद्यात स्वच्छ लिहिलंय. बेल कर्व्हबद्दल त्यात काही नाही.

ती माझ्याकडे आली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मॅडम, जे सहा महिने मी होते, त्यातलं माझं काम कोणापेक्षा कमी होतं ते दाखवा. मी मान्य करते." साधा प्रश्न होता. उत्तर माझ्या समोरच्या फाइलमध्ये होतं आणि ते तिच्या बाजूचं होतं. मी फाइल उघडली नाही. म्हटलं, "अगं, मी पाचव्या आठवड्यात आले होते." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्याकडे मूल कोण बघायचं?"

मी विषय बदलला.

तिने दोन महिन्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात आमच्याकडे ठरलेले पर्याय होते: चांगली संधी, उच्च शिक्षण, तब्येत, वैयक्तिक. मी 'वैयक्तिक' लिहिलं. निवृत्तीपूर्वी कागदपत्रं सोपवताना ती जुनी रजिस्टरं चाळली. पुरुष बहुतेक 'चांगली संधी'त गेले होते. बायकांच्या ओळीला पानामागून पान 'वैयक्तिक', 'वैयक्तिक', आणि अक्षर माझं. जाणाऱ्या एकीलाही मी बसवून विचारलं नव्हतं की बाई, वैयक्तिक म्हणजे काय? विचारलं असतं तर कंपनीला ऐकावं लागलं असतं. कंपनीच्या वतीने ऐकायची ती मीच.

कंपनीचं नुकसानही झालं, तेही सांगायला हवं. तिच्या जागी दोन माणसं घ्यावी लागली आणि एका मोठ्या ग्राहकाच्या तक्रारी वाढत गेल्या. हा हिशोब कोणी तिच्या रजेच्या पगाराशेजारी मांडला नाही. मांडायचं काम कोणाचं होतं, हे मी पुन्हा लिहीत नाही.

याहून जुनी एक गोष्ट आहे, २००० सालाच्या आसपासची. ती मी कुठल्याच भाषणात सांगितली नाही.

वायर हार्नेसच्या लाइनवर सगळ्या बायका असायच्या. हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा. समोरच्या फळ्यावर खुंट्या असतात, त्यांच्यातून वायरी ओवत न्यायच्या आणि टेप गुंडाळायची; फळा पुढे सरकत राहतो. जागा सोडायची तर रिलीव्हर यावी लागते. रिलीव्हर सबंध लाइनला एक आणि स्वच्छतागृह शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. लाइन लीडरने एका बाईची तक्रार आणली: शिफ्टमध्ये चार-चारदा जागा सोडते, गेली की वीस मिनिटं येत नाही. मी मेमो टाइप करून घेतला आणि तिला बोलावलं. 'बस' म्हटलं, तर बसेना. पुन्हा म्हटलं, तरी उभीच. मला वाटलं, गुर्मी आहे. तिची नजर खुर्चीवर होती. माझ्या केबिनमधल्या खुर्च्यांचं कापड फिक्या बदामी रंगाचं होतं. "मॅडम, अंगावरून फार जातंय," ती म्हणाली. "खुर्ची खराब होईल."

मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव. इथे सही कर." तिने उभ्याउभ्याच, टेबलावर वाकून सही केली.

काही महिन्यांनी ती एका खासगी दवाखान्यात पिशवी काढून आली. चाळिशीही गाठली नव्हती. लाइन लीडर म्हणाला, "आता कटकट मिटली," आणि मला हायसं वाटलं. वर्षाच्या शेवटी तिच्या फाइलवर मी शेरा मारला: 'उपस्थितीत सुधारणा.' तिचं हिमोग्लोबिन कधी कोणी पाहिलं होतं का? आमचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि क्रेनवाल्यांचे डोळे तपासून जायचे. आधी गोळ्या देऊन पाहिल्या का, पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे मी विचारलं नाही. अंडाशयं काढली की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तिला उभं राहणं जड जाऊ लागलं. व्हीआरएसची पहिली यादी निघाली तेव्हा तिने अर्ज दिला आणि तो मंजूर करताना मी तिच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. रिलीव्हर दोन नेमल्या असत्या आणि शेडच्या अलीकडच्या टोकाला एक स्वच्छतागृह बांधलं असतं तर येणारा खर्च आमच्या वार्षिक क्रीडा महोत्सवाहून कमी होता. आकडा मला माहीत आहे, कारण महोत्सवाचं बजेटही मीच करायची.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची बातमी सगळीकडे गाजली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, हंगामाआधी घेतलेली उचल, कामाला नाही गेलं की मुकादम खाडा कापणार. पाळीचा आणि बाळंतपणाचा व्याप नको म्हणून तरुण वयातच पिशव्या काढलेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली तिच्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. एका महिला मंडळात यावर माझं व्याख्यान ठेवलं होतं. मुकादम, साखर कारखाने, खासगी दवाखाने, सगळ्यांना मी झोडपून काढलं. उत्तम झालं भाषण. आभार मानताना एका बाईंनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात कशी काळजी घ्यायचे?" मी म्हटलं, "आमच्याकडे मेडिकल रूम होती."

घरी येईपर्यंत मला खुर्चीचं ते बदामी कापड दिसत राहिलं. ती बाई आता कुठे असते हे मी शोधलं. भेटायला गेले नाही. जाऊन काय बोलायचं हे ठरेना, आणि तिने चहा केला असता तर तो पिणं मला जमलं नसतं.

त्या सुमाराला सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. पार्किन्सन्स. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते, तरी रजा मी काढली नाही. यजमान आधीच बँकेतून निवृत्त झाले होते, त्यांनी सगळं केलं. भरवणं, कूस बदलणं, डायपर. शेजारीपाजारी त्यांना श्रावणबाळ म्हणू लागले. हेच काम सासूबाईंनी आमच्या मुलीसाठी, त्याआधी त्यांच्या सासूसाठी केलं, तेव्हा कोणी कुठल्या बाळाचं नाव दिलं नव्हतं.

त्या गेल्यानंतर, २०२१ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचनात आला. अपघातात गेलेल्या गृहिणीचं उत्पन्न किती धरायचं, असा प्रश्न होता. न्यायमूर्ती रमणा यांनी त्यात २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे दिले आहेत: घरातल्या बिनपगारी कामात बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. यापूर्वीही, जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात लागलेल्या आगीत बळी गेलेल्या गृहिणींच्या कामाचं मोल न्यायालयाने २००१ मध्ये महिन्याला ३,००० रुपये धरलं होतं. निकाल चांगलेच आहेत. फक्त घरकामाची किंमत न्यायालयात ठरायला बाईला आधी मरावं लागतं. मी कागद-पेन्सिल घेतली आणि सासूबाईंचा हिशोब मांडायला बसले: सोडलेल्या नोकरीचा पगार, मुख्याध्यापिकेची वाढ, त्यावरची पेन्शन. पेन्शनपाशी येऊन थांबले. मग मावशींच्या खाड्यांचा मांडला. तो मांडता आला, रक्कमही हास्यास्पद निघाली. मी पैसे घेऊन गेले तेव्हा मावशींनी ते मोजून घेतले आणि म्हणाल्या, "आषाढातला एक राहिला." बरोबर होतं त्यांचं. दिला.

गेल्या वर्षी एका लग्नात माझ्या हाताखाली तयार झालेला मुलगा भेटला. आता एका मोठ्या कंपनीत एचआरचा प्रमुख आहे. वाकून नमस्कार केला, बायकोला म्हणाला, "या मॅडमनी मला घडवलं." मग उत्साहाने म्हणाला, "मॅडम, तुमचा तो 'घरी कोण कोण असतं' प्रश्न अजून वापरतो हां मी. नव्या पोरांनाही शिकवलाय."

मी त्याला बाजूला घेतलं आणि तो प्रश्न बंद कर म्हणून सांगितलं. का ते सांगितलं, ठिपक्यांचंही सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "पण मॅडम, उमेदवार टिकेल का याचा अंदाज तर घ्यावा लागतो ना?"

"मग मुलग्यांनाही विचार," मी म्हटलं. "मूल कोण सांभाळतं, आईच्या गोळ्या कोण बघतं, पुढच्या वर्षी घरात कोणाचं ऑपरेशन आहे."

तो हसला. "त्यांना कुठे माहीत असतं मॅडम?"